बिनतारी सेतूची वहनक्षमता

नदीवरील पुलावरून किती वाहतूक जाऊ शकेल असे विचारले, तर जाणता अभियंता आधी दोन गोष्टी पाहतो. पूल किती रुंद आहे ही पहिली, आणि त्याचे खांब किती भार सोसतात ही दुसरी. यांपैकी एकच गोष्ट सांगितली, तर उत्तर अपुरे राहते. दोन उंच मनोऱ्यांवर समोरासमोर तबकड्या बसवून त्यांच्यामध्ये रेडिओलहरींचा जो अदृश्य पूल बांधतात, त्यालाही हाच न्याय लागू पडतो. या पुलाला बिनतारी सेतू म्हणावयास हरकत नाही. तारा ओढणे किंवा प्रकाशतंतू पुरणे जेथे परवडत नाही, तेथे डोंगर, नदी किंवा दाट रान ओलांडून दूरध्वनी, चित्रे आणि संगणकांचे संदेश पैलतीरी नेण्याचे काम हा सेतू करतो.

या सेतूचे यंत्र ज्या खोक्यातून येते त्याच्यावर एक भला मोठा आकडा छापलेला असतो : सेकंदाला इतके मेगाबिट. खरेदी करणारा त्या आकड्यावर विसंबतो आणि यंत्र मनोऱ्यावर चढल्यानंतर त्याच्या पदरात त्याचा निम्मा भागदेखील पडत नाही. छापलेला आकडा खोटा असतो असे मात्र नव्हे. तो कोणत्या परिस्थितीत खरा ठरतो, एवढेच खोक्यावर लिहिलेले नसते. ती परिस्थिती कोणती, हे समजून घेण्यात केवळ कुतूहलाचे समाधान नाही. कधी कधी त्यावर माणसाची दृष्टीदेखील अवलंबून असते.

दृष्टी हा शब्द येथे अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत स्थापन केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाची एक शाखा तामिळनाडूतील थेनी येथे आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात आसपासच्या ग्रामीण भागात रुग्णालयाने लहान नेत्रकेंद्रे उघडली. केंद्रावर प्रशिक्षित साहाय्यिका रुग्णाची तपासणी करते, परंतु निदान नेत्रतज्ज्ञाने करावयाचे असते. प्रत्येक केंद्रावर तज्ज्ञ बसवणे शक्य नव्हते, आणि मोतीबिंदूने अंधुक दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला केवळ तपासणीसाठी शहरात येण्यास सांगणे म्हणजे बहुधा घरी बसण्यास सांगण्यासारखेच होते. तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांच्या साहाय्याने थेनीचे रुग्णालय आणि ही केंद्रे बिनतारी सेतूंनी जोडण्यात आली. २००६ सालापर्यंत अशी पाच केंद्रे जोडली गेली होती. रुग्ण आपल्या गावाजवळच्या केंद्रात बसलेला आणि डॉक्टर थेनीत. दोघे एकमेकांना पाहत व ऐकत आहेत, अशी तपासणी तेथे होऊ लागली.

अशा तपासणीला प्रचंड क्षमतेची गरज नसते. सेकंदाला काही लाख बिट पुरतात. पण ते अखंड मिळावे लागतात. चित्र गोठले किंवा आवाज तुटला, तर डॉक्टरचा प्रश्न रुग्णापर्यंत पोहोचत नाही आणि रुग्णाचे उत्तर अर्ध्यावरच राहते. म्हणून सेतूची क्षमता कशी ठरते, आणि कशाने ढासळते, हा प्रश्न तेथे पुस्तकी राहिला नव्हता.

प्रथम रुंदीचा विचार करू. रेडिओच्या श्रोत्यांना ही कल्पना नवीन नाही. मध्यम लहरींवरील दोन केंद्रांमध्ये आपल्याकडे नऊ किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. प्रत्येक केंद्राला जणू तेवढ्या रुंदीचा पट्टा तोडून दिलेला असतो. एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यातून बोलणे स्पष्ट ऐकू येते, परंतु सतारीच्या तारेचा सूक्ष्म झंकार त्यात मावत नाही. एफ.एम. केंद्राला सुमारे २०० किलोहर्ट्झ रुंदी मिळते, म्हणून तेथे संगीत अधिक भरदार वाटते. अधिक तपशील पाठवावयाचा, तर अधिक रुंद पट्टा हवा, हा नियम या दोन उदाहरणांवरूनच स्पष्ट होतो. बिनतारी सेतूच्या एका सामान्य वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्झ असते. एफ.एम. प्रक्षेपणाचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा संपूर्ण पट्टा बरोबर एवढ्याच रुंदीचा आहे. म्हणजे ज्या जागेत एका शहरातील सारी एफ.एम. केंद्रे सुखाने नांदतात, तेवढी जागा सेतूची एकच वाहिनी व्यापते. याशिवाय ४०, ८० आणि १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिन्या वापरण्याची सोय आधुनिक यंत्रांत असते, आणि काही यंत्रांत १० किंवा ५ मेगाहर्ट्झपर्यंत रुंदी कमी करण्याचीही.

या रुंदीतून बिटांची संख्या कशी निघते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. ज्या पद्धतीवर पहिल्या पिढीतील असे अनेक सेतू उभे राहिले, तीत २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीचे ६४ बारीक धागे कल्पिले आहेत. कडेचे व मध्यावरचे मिळून बारा धागे रिकामे सोडतात, म्हणजे शेजारच्या वाहिनीला उपद्रव होत नाही. चार धागे सूर जुळवण्यासाठी राखून ठेवतात. उरलेल्या ४८ धाग्यांवरून संदेश जातो. प्रत्येक धाग्यावर सेकंदाला अडीच लाख ठोके पडतात, आणि प्रत्येक ठोक्यात लहरीचे बळ व तिची कला यांची एक ठरावीक जोडी पाठवतात. अशा ६४ निरनिराळ्या जोड्या ओळखता येत असतील, तर एका ठोक्यात सहा बिट बसतात, कारण दोनचा सहावा घात चौसष्ट होतो. त्यांपैकी तीनचतुर्थांश बिट खरा संदेश वाहतात. उरलेले चुका दुरुस्त करण्यासाठी खर्ची पडतात. आता गुणाकार करावा. ४८ धागे, प्रत्येकी सहा बिट आणि त्यांचे तीनचतुर्थांश, म्हणजे एका ठोक्याला २१६ बिट. त्याला अडीच लाखांनी गुणले की सेकंदाला ५ कोटी ४० लाख, म्हणजेच ५४ मेगाबिट. खोक्यावरील आकड्याचा जन्म असा होतो.

या गुणाकारातील 'ओळखता येत असतील' ही अट मात्र दुर्लक्षून चालणार नाही. चौसष्ट छटांचे रेशमी धागे भर दुपारी वेगळे करणे सोपे आहे. तेच काम मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात करावयाचे म्हटले, तर काळा आणि पांढरा यांपलीकडे फारसे काही ओळखता येणार नाही. ग्राहकयंत्रालाही असेच होते. संदेश जोरकस असेल तर ते ६४ किंवा २५६ जोड्यांमध्ये फरक करू शकते. तो क्षीण झाला की यंत्र आपणहून पायऱ्या उतरू लागते : १६ जोड्या, मग चार, मग केवळ दोन. सर्वांत खालच्या पायरीवर एका ठोक्यात एकच बिट जातो. रुंदी तीच, यंत्रही तेच. क्षमता मात्र कितीतरी पटींनी घटलेली.

संदेश क्षीण का होतो? अंतर हे त्याचे पहिले कारण. दहा किलोमीटरवरील दोन साध्या, सर्व दिशांना सारख्याच पसरणाऱ्या अँटेना ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींवर एकमेकींशी बोलू लागल्या, तर पाठवलेल्या शक्तीपैकी सुमारे सहा लाख कोटींत एक भाग पलीकडे पोहोचतो. तबकडीचे महत्त्व येथे कळते. साठ सेंटिमीटर व्यासाची तबकडी तीच शक्ती एका दिशेला एकवटून सुमारे आठशेपट परिणामकारक करते. दोन्ही टोकांना अशी तबकडी बसवली की हेच प्रमाण सुमारे नव्वद लाखांत एक भाग इतके सुधारते. तबकडीचा व्यास दुप्पट केला, तर तिचा लाभ चौपट होतो. यासाठी विजेचा जादा खर्च नाही आणि शेजाऱ्याला उपद्रव तर उलट कमीच.

पण संदेश कितीही दुबळा असला, तरी यंत्राने त्याला हवे तेवढे मोठे करावे, अशी शंका येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर रात्री दूरचे केंद्र लावून बसलेल्या श्रोत्याला ठाऊक असते. आवाजाची कळ पिळली की गाणे वाढते आणि त्याबरोबर खरखरही वाढते. ही खरखर यंत्राच्या दोषातून येते असे नाही. प्रत्येक विद्युत्-वाहकातील कण उष्णतेमुळे सदैव थरथरत असतात, त्यांच्या या थरथरीचा तो नाद होय. अमेरिकेतील जॉन्सन आणि नायक्विस्ट या संशोधकांनी १९२८ साली तिचे मोजमाप आणि नियम प्रसिद्ध केले. त्या नियमातील एक भाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे : ही खरखर पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते. खिडकी दुप्पट रुंद केली, तर हवा दुप्पट येते आणि धूळही दुप्पट येते.

रुंदी आणि खरखर यांचा हा संबंध अखेरच्या हिशेबापर्यंत नेला तो क्लॉड शॅनन या गणितज्ञाने. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने दाखवून दिले की, कोणत्याही वाहिनीच्या क्षमतेला एक कमाल मर्यादा असते आणि ती कोणत्याही चातुर्याने ओलांडता येत नाही. तिचा हिशेब असा : संदेशाची शक्ती खरखरीच्या किती पट आहे ते पाहावे; त्यात एक मिळवावा; येणारी संख्या दोनचा कितवा घात आहे ते काढावे; आणि त्या घातांकाला पट्ट्याच्या रुंदीने गुणावे.

सेतू उभारणाऱ्याच्या मनातील पहिला मोह म्हणजे रुंदी दुप्पट करण्याचा. तो कितपत योग्य, हे याच हिशेबाने तपासता येते. समजा, संदेश खरखरीच्या १०२३ पट आहे. एक मिळवून १०२४ होतात, म्हणजे दोनचा दहावा घात. वाहिनी २० मेगाहर्ट्झची असेल, तर मर्यादा सेकंदाला २०० मेगाबिट. आता रुंदी ४० केली. यंत्राची शक्ती तीच आहे, पण खरखर दुप्पट झाली, म्हणून प्रमाण निम्मे झाले आणि घातांक नवावर आला. चाळीस नव्वे तीनशे साठ. रुंदी दुप्पट, लाभ दुपटीहून थोडा कमी. सौदा फायद्याचाच म्हणावयाचा. पण लांबच्या, कष्टाने टिकून राहिलेल्या सेतूवर संदेश आणि खरखर जेमतेम बरोबरीत असतील, तर गणित पालटते. प्रमाण एक, त्यात एक मिळवून दोन, घातांक एक. २० मेगाहर्ट्झवर मर्यादा २० मेगाबिट. रुंदी ४० करताच प्रमाण अर्ध्यावर येते आणि घातांक ०.५८ च्या आसपास. मर्यादा केवळ २३ मेगाबिट. रुंदी दुप्पट होऊनही हाती आले ते तीन मेगाबिट. प्रत्यक्षात तेवढेही येतील याची खात्री नसते. कारण यंत्राची सर्वांत खालची पायरीदेखील किमान प्रमाण मागते, आणि २० वर कसाबसा उभा असलेला सेतू ४० वर मुळीच उभा राहत नाही. जवळच्या सेतूला रुंदी मानवते. दूरच्या सेतूला बहुधा चिंचोळी वाहिनी आणि मोठी तबकडी मानवते, हे या हिशेबाचे सार होय.

आता दुसरी गळती पाहू. ती लहरींची नसून वेळेची आहे. असे बहुतेक सेतू एकाच वाहिनीवरून दोन्ही दिशांना बोलतात. एक बोलत असता दुसऱ्याने ऐकावयाचे, मग पाळी बदलावयाची. म्हणून ५४ मेगाबिट हा आकडा दोन्ही दिशांचा मिळून आहे. शिवाय प्रत्येक पुडक्याआधी सूर जुळवण्याची प्रस्तावना असते, आणि पुडके पोहोचल्यावर पलीकडून पोच यावी लागते. ही सारी औपचारिकता वजा जाता, ५४ मेगाबिटांच्या जोडणीतून जवळच्या अंतरावरदेखील वापरणाऱ्याच्या हाती वीस-पंचवीस मेगाबिटच लागत.

अंतर वाढले की ही पोच फारच महाग पडते. प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धावतात, तरी तीस किलोमीटर जाण्यास त्यांना शंभर मायक्रोसेकंद लागतात आणि परत येण्यास आणखी शंभर. पंधराशे अक्षरांचे एक पुडके ५४ मेगाबिटांच्या वेगाने पाठवण्यास सुमारे २२० मायक्रोसेकंद पुरतात. म्हणजे बोलण्यास जितका वेळ, जवळजवळ तितकाच 'पोहोचले का?' याची वाट पाहण्यात जातो. घरातील व कचेरीतील वापरासाठी बनवलेल्या यंत्राला एवढी वाट पाहण्याची सवय नसते. ठरलेल्या अल्प वेळात पोच आली नाही की पुडके हरवले असे ते समजते आणि तेच पुन्हा पाठवते. पलीकडून निघालेली पोच वाटेतच असताना इकडून दुसरी प्रत सुटते. वाहिनी गजबजलेली, आणि काम काहीच नाही, अशी अवस्था होते.

या अडचणीवर भारतातील ग्रामीण सेतूंच्या निमित्ताने महत्त्वाचे काम झाले. कानपूरच्या आय.आय.टी.तील भास्करन रमण आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी गंगेच्या मैदानातील खेडी जोडताना, एका मनोऱ्यावरील सर्व यंत्रांनी एकाच वेळी बोलावे व एकाच वेळी ऐकावे अशी पाळीपाळीची पद्धत आखली आणि २००५ साली ती प्रसिद्ध केली. एरिक ब्रूअर यांच्या बर्कली येथील गटाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रत्येक पुडक्याची वेगळी पोच घेण्याचे बंद करून अनेक पुडक्यांची एकत्र पोच घेतली, बोलण्याच्या वेळा आधीच ठरवून दिल्या आणि हरवलेल्या बिटांची भरपाई करणारे जादा बिट सोबत धाडले. यंत्रे तीच, वाहिनी तीच. केवळ वेळेच्या शिस्तीने लांबच्या सेतूंवरील उपयुक्त वहन दुपटीपासून पाचपटीपर्यंत वाढले.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीने शतकानुशतके पाणी वाटले जाई. बंधारा एक, पाट एक, आणि प्रत्येक फडाची पाळी ठरलेली. पाटाचे तोंड रुंद करण्याने सर्वांना पाणी मिळत नाही; पाळी सांभाळल्याने मिळते, हा अनुभव तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

फडाची ही आठवण आणखी एका कारणाने उपयोगी आहे. लहरींचा पट्टाही पाण्यासारखाच सामाईक आहे. भारत सरकारने २०१८ साली ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याच्या अटीतून मुक्त केले. कोणीही, ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत, तेथे सेतू उभारू शकतो. त्यांपैकी ५७२५ ते ५८७५ हा १५० मेगाहर्ट्झचा भाग पाहू. वीस-वीसच्या हिशेबाने त्यात सात वाहिन्या बसतात, चाळीसच्या तीन, आणि ऐंशीची अवघी एक. तालुक्याच्या गावी एका मनोऱ्यावर ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य केंद्र आणि बँक अशा चौघांचे सेतू यावयाचे असतील, आणि पहिल्याने येऊन खोक्यावरील मोठ्या आकड्याच्या लोभाने ऐंशीची वाहिनी अडवली, तर उरलेल्या तिघांनी दाटीवाटीने बसावे किंवा त्याच्यावरच जाऊन आदळावे. आदळले की एकाचा संदेश ही दुसऱ्याची खरखर होते, आणि शॅननच्या हिशेबातील प्रमाण सर्वांचेच घसरते. ज्याने सर्वांत रुंद वाहिनी घेतली, त्याचा कान सर्वांत रुंद उघडा असतो. म्हणून गोंगाटही त्यालाच सर्वांत अधिक ऐकू येतो.

अधिक रुंदी हवीच असेल, तर ती वरच्या लहरींमध्ये मुबलक आहे. ६० गिगाहर्ट्झच्या आसपास एकेक वाहिनी दोन हजार मेगाहर्ट्झहून अधिक रुंद असते. हा प्रांत भारताला अपरिचित नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात १८९५ साली ज्या सूक्ष्म लहरींचे जाहीर प्रयोग केले, त्यांच्या संशोधनातील पाच मिलिमीटर लांबीच्या लहरी नेमक्या याच कंपनसंख्येच्या होत. परंतु हवेतील प्राणवायू या लहरी शोषून घेतो आणि पावसाळी सरीने त्या आणखी थकतात. गल्लीपलीकडच्या इमारतीला त्या गाठतील. डोंगरापलीकडच्या गावासाठी त्यांचा भरवसा नाही. याउलट खालच्या लहरी झाडाझुडपांतून अधिक चांगल्या वाट काढतात. पालघर भागातील खेड्यांत मुंबईच्या आय.आय.टी.ने दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या जागा वापरून सेतूंचे प्रयोग केले, त्यामागे हाच विचार होता. तेथे रुंदी थोडी, पण पोहोच दांडगी.

यावरून सेतू योजणाऱ्याने करावयाच्या विचाराचा क्रम आपोआपच ठरतो. आधी गरज मोजावी : किती ठिकाणे, एकाच वेळी किती जण, आणि त्यांतील कोणते काम खंड पडल्यास वाया जाणारे आहे. त्या गरजेच्या दुप्पट-अडीचपट जोडणीचा वेग धरावा, कारण पाळी आणि पोच यांत निम्मा खर्च होतो. तेवढा वेग देणारी सर्वांत चिंचोळी वाहिनी निवडावी. संदेश कमी पडला, तर रुंदीकडे न वळता तबकडी मोठी करावी, तिचा नेम नीट साधावा आणि वाट मोकळी आहे ना हे पाहावे. दहा किलोमीटरच्या सेतूच्या मध्यावर दृष्टिरेषेच्या भोवती सुमारे सात मीटरपर्यंतची जागा मोकळी लागते. समोरचे मनोरे दिसतात एवढ्याने भागत नाही. उन्हाळ्यात बांधलेला सेतू पावसाळ्यानंतर मंदावला, तर बहुधा वाटेतील झाडांची पालवी त्या जागेत शिरलेली असते. आणि पाने झडल्यावरची ताकद हिशेबात धरण्याऐवजी पाने भरल्यावरचीच धरावी.

अशा रीतीने उभारलेल्या सेतूच्या वेगाचा आकडा कदाचित कोणाला सांगण्याजोगा भव्य नसेल. पण केंद्रातील खुर्चीवर बसलेल्या आजीला डॉक्टर जेव्हा विचारतो, "उजव्या डोळ्याने किती बोटे दिसतात?", तेव्हा तो प्रश्न न तुटता तिच्यापर्यंत पोहोचावा, आणि तिने वर केलेली दोन बोटे डॉक्टरला त्याच क्षणी दिसावीत, एवढे त्या सेतूने केले की त्याची वहनक्षमता पुरेशी झाली. उरलेली रुंदी शेजारच्या गावच्या सेतूसाठी मोकळी राहते.